नापास म्हणायचं नाही

स्टाफरूममध्ये किस्से न तपासलेल्या पेपरांसारखे साचतात. कोणी हात लावत नाही आणि गठ्ठा मात्र वाढत जातो. धरमपेठेतल्या आमच्या शाळेत तर नियमच इतके, की मुद्दाम काही घडवावं लागत नाही. नियम पाळला की किस्सा तयार!

*

प्रगतिपुस्तकात मुलाबद्दल वाईट शब्द लिहायचा नाही, असा दंडक आहे. वानखेडे सरांच्या वर्गात एक पोरगा दिसेल त्याला चापट मारायचा. सरांनी खूप डोकं खाजवलं आणि नोंद केली, 'हातांचा वापर सहजतेने करतो.'

दुसऱ्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन हजर!

"सर, याले तबल्याच्या क्लासले टाकू काय?"

"टाका! लवकर टाका!"

*

खेळाच्या श्रेणीचंही तसंच. पीटीच्या उईके सरांनी पायाला प्लास्टर असलेल्या पोराला अ-१ दिली. म्हणाले, "बसल्या जागी किती शिस्तीत पाहते तो!"

आणि आठवीतली अश्विनी, आमच्या खो-खो टीमची कॅप्टन, तिला क-१. पीटीच्या तासाला हजेरीच नव्हती.

"सर, तुम्हीच तं मले मॅचले पाठवलं होतं!"

"पाठवलं ना. म्हणूनच तं गैरहजर लागली!"

*

मग सांगलीकडच्या एक मॅडम मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, शिपाई कुठे आहे?

"चहा आणून राहिला," कोणीतरी सांगितलं.

मॅडमना त्यातलं 'राहिला' तेवढंच कळलं. चहा राहिला म्हणून त्यांनी दुसऱ्याला पिटाळलं. आम्ही सगळे दोन-दोन कप प्यायलो.

त्यावर वानखेडे सरांनी त्यांचा क्लासच घेतला. "मॅडम, नागपुरात राहिला म्हणजे राहून गेला नाही. काम चालू आहे!"

मॅडम हुशार. थोड्याच दिवसांत "मी मीटिंग घेऊन राहिले" असं म्हणायला लागल्या. आम्हाला फार कौतुक वाटलं. तिथेच चुकलं.

*

कारण 'नापास' हा शब्दही आमच्याकडे बंद आहे. मूल त्याच वर्गात बसलं, तर 'राहिलं' म्हणायचं. हे मॅडमना सांगायचं तेवढं राहून गेलं.

अश्विनी आठवीत गणितात गेली. गणित माझं. नियमाप्रमाणे जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही गेली तर पुन्हा आठवी. तिचे वडील कळमेश्वरला कंपनीत कामाला. ते मला म्हणाले, "सर, पोरगी राहिली तं शाळेतून नाव काढून घेतो. गावाले मावशीपाशी पाठवून देतो." माणूस वाईट नाही, पण बोलला की करणारा. मला खरंच धास्ती वाटत होती. मेच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून पोरगी गणितं सोडवायला माझ्या घरी यायची.

पास झाली. काठावर, पण स्वतःच्या मार्कांनी!

निकालाच्या सकाळी मी वर्गावर होतो. ऑफिसात फोन वाजला, मॅडमनी उचलला.

"मॅडम, अश्विनीचा बाप बोलून राहिलो. पोरगी राहिली काय?"

मॅडमनी खिडकीतून पाहिलं. मैदानात अश्विनीचा खो-खो रंगला होता.

"हो तर! राहिली ना!" मॅडम आनंदाने म्हणाल्या.

फोन कट झाला.

तासाभरात वडील ऑफिसच्या दारात. अंगावर कंपनीचे कपडे, डोळे लाल.

"टीसी द्या."

"अहो, पण ती पास झाली!"

"तुम्हीच तं म्हणाल्या, राहिली!"

"राहिली म्हणजे... खेळून राहिली!"

वडील खुर्चीत बसले. शिपायाने पाणी दिलं, ते हातातच राहिलं. बाहेर पोरगी "खो!" म्हणून ओरडली. तिच्याकडे पाहतच ते म्हणाले,

"मॅडम, आमच्याकडे 'राहिली' असं एकटं नसते म्हणत. काय करून राहिली, ते पहिले सांगा लागते!"