तीस दिवसांचा नियम

बोईसरच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत वर्षाराणी प्रॉडक्ट ओनर आहे. तिचे वडील लातूरकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले. ती येथेच वाढली. ग्राहकाला काय हवे ते समजून घ्यावे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना सांगावे, हे तिचे काम. सांगण्यात ती फार कडक होती.

एका कारखान्याच्या फाटकासाठी हजेरीचे यंत्र करायचे होते. अंगठा लावला, नाव जुळले, की फाटक उघडणार. काम सोडून गेलेल्यांची नावे यादीत नकोत, असे व्यवस्थापकांनी सांगितले. तेव्हा वर्षाराणीने स्वतःच नियम लिहिला: सलग तीस दिवस गैरहजर असलेल्याचे नाव काढावे. केदार या प्रोग्रामरने विचारले, तीसच का? लिहिले आहे तेवढे करा, असे ती म्हणाली. त्याने तेवढे केले, आणि पावसाळ्याआधी यंत्र फाटकावर बसले.

ऑगस्टात मासवणकडच्या बारा बायका भातलावणी आटोपून पॅकिंगच्या कामावर परतल्या. दरवर्षी त्या दीड महिना अशाच जातात. कारखान्यात हे सर्वांना इतके ठाऊक होते की वर्षाराणीला सांगण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. फाटक उघडेना. तीनच्या पाळीला आत आल्या नाहीत तर दुसऱ्या बायका घेईन, असे कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराने बजावले.

निरोप मिळताच वर्षाराणी केदारला स्कूटरवर घेऊन फाटकाशी पोहोचली. बायकांत पुढे तानी होती.

“ताई, आमी मेलो नाय, लावणीला गेलतो,” ती म्हणाली. “तुमचं यंत्र भात खात नाय काय?”

बायका हसल्या. वर्षाराणी हसली नाही. बारा जणींची नोंद नव्याने करायला दोन दिवस लागले असते, आणि दोन वाजून गेले होते.

केदार हळूच म्हणाला, “मॅडम, नावं पुसलेली नाहीत. बाजूला ठेवलीत. कोणी परत आलं तर, म्हणून.”

“मग मला बोलला का नाहीस?”

“विचारलं होतं. तीसच का, म्हणून.”

केदारने पायरीवर बसून लॅपटॉप उघडला आणि बाराही नावे परत यादीत घातली. पावणेतीनला तानीचा अंगठा जुळला. नियम माझा होता, चूकही माझीच, असे वर्षाराणीने ठेकेदारासमोर सर्वांना सांगितले.

आता ती नियम लिहून देत नाही. अडचण सांगते, आणि प्रोग्रामरांना आधी फाटकावर नेऊन उभे करते. यादीत एक नवा रकानाही आला आहे. त्याचे नाव तानीला विचारून ठेवले: लावणीला गेली.