चौसष्टची पेनी आणि दुपारचा रकाना

घड्याळजीच्या दुकानात घड्याळं असायचीच, पण त्याचा जीव अडकलेला असायचा खणातल्या राणीत. व्हिक्टोरिया राणीच्या छापाच्या तांब्याच्या, काशाच्या जुन्या पेन्या, म्हणजे इंग्लंडची नाणी. गिऱ्हाईक घड्याळ कधी मिळेल म्हणून विचारत उभं असायचं, आणि हा डोळ्याला भिंग लावून राणीच्या कानावरच्या बटा मोजत बसायचा. गल्लीत त्याला ‘राणीचा दीर’ म्हणत. तोही हसून म्हणायचा, धाकटा दीर मी, थोरला दीर दादा!

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, औषधाच्या दुकानात कंपाउंडर. नाण्यांचं वेड दोघांनाही एकदमच लागलं. दादा दुकानातून गोळ्यांची कोरी पाकिटं आणायचा, ज्यांच्यावर सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने छापलेले असतात ना, ती. एका पाकिटात एक नाणं. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, दोघांनी आळीपाळीनं नाणं बघायचं: केस किती झिजलेत, कपाळावरच्या माळेतल्या पानांच्या शिरा दिसतात का, टाकसाळीतली मूळ लाली कुठे टिकलीय का. मग दादानं आपल्या मते नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, सकाळच्या रकान्यात लिहायची आणि वर चिठ्ठी डकवायची. धाकट्यानं ती न बघता रात्रीच्या रकान्यात लिहायची. नंतर चिठ्ठी काढून जे काही भांडण व्हायचं ते व्हायचं आणि ठरलेली प्रत दुपारच्या रकान्यात जायची. एकेका दुपारसाठी वहिनीला तीन-तीनदा चहा टाकावा लागे. ती म्हणायची, या बाईचं लग्न जमवताय की काय.

पुढे वडिलांचं घर विकलं आणि वाटण्या झाल्या. लोक भांडी वाटतात, जमीन वाटतात. या दोघांनी वर्षं वाटून घेतली. सम सालं दादाची, विषम सालं धाकट्याची. सगळी सालं एका घरात पुन्हा कधीच नसणार, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचलं असेलही, पण रोज भेटणारच आहोत, असं वाटलं असेल.

वाटणीच्या आदल्या दिवशी अठराशे चौसष्टची पेनी घड्याळजीच्या चिमट्यातून निसटली आणि फरशीवर आपटली. दुर्मीळ साल. राणीच्या अंबाड्यामागे बारीकशी खाच पडली. घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पेनी गुपचूप पाकिटात सारली. आठवड्यानं दादानं खाचेबद्दल विचारलं, तेव्हा हा म्हणाला, “माझ्याकडून गेली तेव्हा धड होती. तुझ्याकडेच झालं असेल.” जन्मात कापडाशिवाय नाणं टेबलावर न ठेवलेल्या माणसाला! दादा काही बोलला नाही. नंतरही बोललाच नाही. सहा वर्षं.

या सहा वर्षांत घड्याळजीनं नवी नाणी घेतली, पण प्रत एकट्यानं काय लावायची? पाकिटांवर रात्रीचा रकाना तेवढा भरलेला. खण तसल्या पाकिटांनी भरला. कधी दुकानात एखादी छान लालीची पेनी हातात आली की तोंडून निघून जायचं, “दादा, हे बघ.” समोरचं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं.

एका सकाळी पुतणी आली. घड्याळाचा पट्टा बदलायचा होता. तो बदलून झाल्यावर तिनं पर्समधून गोळ्यांचं एक पाकीट काढलं. “काका, बाबांनी दिलंय. कुणा गिऱ्हाइकाचं आहे म्हणे, प्रत लावून हवी.”

सकाळच्या रकान्यावर चिठ्ठी डकवलेली होती. घड्याळजीनं पेनी तळहातावर घेतली. भिंग लावायची गरजच नव्हती, तरी लावलं. अंबाड्यामागे खाच.

पुतणी बघत होती. तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला, टोक आधीच असताना. मग रात्रीच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘प्रत उत्तम होती. माझ्या चिमट्यातून पडली. दादाचा दोष नाही.’ रकाना पुरला नाही, शेवटचे शब्द कडेवर गेले.

आता नियमाप्रमाणे चिठ्ठी काढायला हरकत नव्हती. त्यानं नखानं ती हळूच सोडवली. खाली दादाचं तेच औषधावरचं अक्षर: ‘प्रत उत्तम. खाच धरलेली नाही.’

घड्याळजीनं भिंग काढून सदऱ्याला पुसलं. मग पुन्हा पुसलं.

“मधला राहिला की,” पुतणी म्हणाली.

“तो दोघांनी बसून भरायचा असतो,” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “ते हिरवं कापड दादा अंथरतो का गं अजून?”

“रोज अंथरतात. वर काही ठेवत नाहीत.”

घड्याळजीनं खण उघडला, अर्धीमुर्धी भरलेली ती सगळी पाकिटं पिशवीत ओतली आणि भर अकरा वाजता दुकानाचं शटर खाली ओढलं.