बेक्तेमीरचा ताप

फ्लूची लस दोघांनी एकाच सकाळी घेतली. आयचुरोकचा दंड जरा ठणकला, तेवढंच. बेक्तेमीर मात्र दुसऱ्या दिवशीही रजईत कण्हत होता. अंगणात नमद्याच्या जाड जाजमासाठी झोडपायची लोकर ढिगाने पडली होती, आणि थंडीआधी जमिनीवर नमदा अंथरायलाच हवा होता. दरवर्षी लोकर झोडपायची वेळ आली की नवऱ्याची कंबर धरते, हे आयचुरोकला पाठ होतं.

"अहो, सुई मलाही टोचली ना? मग ताप तुम्हालाच कसा?"

"नर्स म्हणाली होती, एखाद्याला येतो."

"आणि तो एखादा नेमके तुम्हीच!"

तिने खिडकीतून बाहेर पाहिल्यासारखं केलं. "अगंबाई, घोडे निघाले! माळावर घोड्यावरून बोकड पळवायचा खेळ दिसतोय."

एकदा पाय प्लास्टरमध्ये असतानाही या खेळासाठी घोड्यावर चढलेला माणूस कूस बदलत पुटपुटला, "जाऊ दे."

आयचुरोक चपापली. त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, तर चटकाच बसला. तिने त्याला चहा पाजला, आणखी एक रजई घातली आणि काठी घेऊन स्वतःच लोकर झोडपायला बसली.

कुंपणापलीकडून शेजारीण हसली, "काय गं, नवरोबा पुन्हा आजारी?"

"खरंच आजारी आहेत," आयचुरोक फणकारली. "लसीनंतर येतो ताप एखाददोन दिवस. उगाच संशय घेऊ नये माणसावर!"