भुताची सहा पुस्तकं पेटीतच राहतील

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि मला भुताच्या गोष्टी आवडतात. मुलांसाठी लिहिलेल्या, पडक्या विहिरीतून हात वर येणाऱ्या. यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी तसलं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, मग बोलू.

धुळ्याला शाळेत असताना मी ती गणिताच्या वहीत लपवून वाचायचे. भीती वाटायची, तरी पान उलटायचे. भुतावर विश्वास कधी बसला नाही. अंगारा देणारा बाबा मात्र आमच्या गल्लीत खराखुरा यायचा, आणि त्याच्या भीतीत कुणालाच मजा नव्हती.

पारोळ्याजवळच्या एका गावात आमचा अंधश्रद्धाविरोधी गट शाळेच्या ओट्यावर मुलांसाठी पुस्तकांची पेटी ठेवतो. तीत मी भुताची सहा पुस्तकं टाकली, तर अमळनेरच्या बैठकीत नाना उसळले. नाना निवृत्त शिक्षक, आमच्यातले सगळ्यात जुने कार्यकर्ते.

"आपण भूत घालवायचं आणि तू पेटीतून वाटायचं? आण ती परत!"

"आधी येऊन बघा," मी म्हटलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं गेलो. ओट्यावर आठदहा पोरी दाटीवाटीने बसलेल्या. त्यांचा नियम असा, की एकीने वाचायचं आणि जी किंचाळेल तिने पुढचं पान वाचायचं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या पोरी या नियमामुळे अडखळत का होईना, मोठ्याने वाचायला लागल्या होत्या. नाना मागे हाताची घडी घालून उभे. गोष्टीतलं दार करकरलं, वाचणारीने मुद्दाम आवाज खाली नेला आणि एकदम ओरडली. नानांच्या तोंडून "अगं आई!" निघालंच.

"नाना वरडनात! वाचा आते!" पोरींनी गलका केला.

नानांनी वाचलं. अख्खं पान, आवाज बदलून. मग पुस्तक मिटून मास्तरी सुरात विचारलं, "हे भूत खरं आहे का?"

"नई वं नाना," सातवीतली एक म्हणाली. "पुस्तक बंद कयं का ते बी बंद. पन मन्ही काकूना आंगात येस, ते कसं बंद करानं, ते सांगा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. अंगात येणाऱ्या अशा काकूंसाठी आमच्याकडे एक पत्रक होतं, आणि ते मीच लिहिलेलं होतं. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती दमदाटी होती.

एसटीत नाना म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पण गावात चुकीचा संदेश जातो. पुढच्या बैठकीत मतदान घेऊ, मी विरोधातच मत देणार."

"द्या. पण पुस्तकं काढायची तर पेटी दुसऱ्या कुणाकडे द्या. मी काढणार नाही."

पुढच्या बैठकीत नाना तेच बोलले, आणखी चढ्या आवाजात. नानांनी हात विरोधात वर केला, आणखी दोघांनीही. बाकीचे माझ्या बाजूने. पुस्तकं राहिली. त्या संध्याकाळी मी काकूसाठीचं पत्रक फाडलं आणि नव्याने लिहायला बसले. या वेळी त्या पोरीला विचारून.