साघिनच्या गळ्यातलं पान

रात्रीतून बर्फ दगडासारखं झालं होतं. झूरानं कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं हौदावरचा थर फोडला, चुलीवरचं पाणी बादलीत ओतून ती गोठ्यात शिरली. नारीन नदीकडच्या त्या सरकारी फार्मवर ती लग्नाआधीपासून धारा काढत आली होती. नवरा सोडून गेला, सासर सुटलं, धारा काही सुटल्या नाहीत. आज मात्र गाईंनाही तिचा हात परका वाटत होता.

पहाटे बा म्हणाला होता, "झूरे, आज निघतोय मी. कानाशी यासीन म्हण. मला तसाच नको धाडू, बकरं हाकलल्यावानी."

तिचा म्हातारा बाप कालमुर्झा उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. जन्मभर मेंढरं राखली, जनावर कधी मरणार हे त्याला आधी कळायचं. स्वतःचंही कळलं होतं. पण यासीन, मरणाऱ्याच्या कानाशी म्हणायच्या कुराणातल्या ओळी, म्हणणार कोण? गावातला मुल्ला, मोल्दो, पानगळीतच वारला, आणि दुसरा खिंडीपलीकडं. खिंड बर्फानं बुजलेली.

राहिलं होतं ते पुस्तक. काही वर्षांपूर्वी बाजारात बिया विकणारी एक म्हातारी त्याची पानं फाडून पुड्या बांधत होती. लाल पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं: ‘आकाशात कोणी नाही’. झूरानं पुढचं पान फाटायच्या आत पुस्तक उघडलं आणि बघते तर रशियन अक्षरांत यासीन! लेखकानं एका पानावर आधी ओळी दिल्या होत्या, मग पानं भरभरून त्यांना शिव्या. झूरानं उरलेलं पुस्तक उचललं. तेव्हापासून मोठी कढई मागून न्यावी तसं ते घरोघर फिरत होतं. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तेलात कणकेचे बोर्सोक तळून मेलेल्यांना वास द्यायचा झाला, की पुस्तक निघायचं. मोल्दो पुरला तेव्हाही ओळी त्यातूनच वाचल्या. हातानं लिहून घ्यायची छाती कुणाची नव्हती, कागद सापडला तर नोकरी जायची. छापील सरकारी पुस्तकाला मात्र कोण हात लावणार? पार्टीचा सेक्रेटरी तर सभेत बोलला होता, "आपल्या फार्मवरच्या बाया बघा! नास्तिकतेचं पुस्तक वाचून वाचून त्याच्या चिंध्या केल्या!" आणि पाठ कुणीच केलं नाही. कशाला करायचं, पुस्तक आहेच की.

दूध केंद्रावर टाकून झूरा तडक बूबूकानच्या घरी पळाली. पुस्तक शेवटी तिनंच नेलं होतं.

"बा चाललाय. पुस्तक दे."

बूबूकान जागची हलेना. मग रजयांच्या ढिगाखालून पुस्तक काढून तिनं पुढं धरलं. झूरानं उघडलं. यासीनचं पान नव्हतं. शिवणीला कात्रीची सरळ कड तेवढी उरली होती.

"पान कुठंय?"

"साघिनच्या गळ्यात."

"साघिनला तर फौजेनं अफगाणिस्तानात नेलंय!"

"म्हणूनच. कातड्यात शिवून तुमार केला, ताईत. त्याच्या बापाच्या जुन्या बुटाचं कातडं."

"अगं सटवे, सगळ्या गावाचं पान ते!"

"सगळ्या गावाचा पोरगा न्हाई गेला, झूरा. माझा गेला."

झूराला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. हात उचललाही. मग म्हणाली, "मागच्या बाजूला कसल्या शिव्या छापल्यात, ठावं हाय का तुला?"

"हाय की. ती बाजू बाहेरच्या अंगाला ठेवलीय. गोळ्यांकडं तोंड करून."

"निदान म्हणून तरी दाखव. एवढ्या वेळा वाचलंस."

"या-सीन," बूबूकान म्हणाली, आणि तिथंच तिचं तोंड वाकडं झालं. "पुढं रडू येतं गं."

झूरा पुस्तक पोटाशी धरून घरी आली. बा छताकडं बघत होता. श्वास लांबला होता, मध्येच थांबायचा, की झूराचाही थांबायचा.

"मिळालं?"

"मिळालं, बा."

त्याच्या उशाशी बसून तिनं कापलेल्या कडेपुढचं पान उघडलं. बाला येणारं रशियन म्हणजे मेंढरांची वजनं आणि साहेबांच्या शिव्या. झूरानं डोळे पुसले आणि मोल्दो ओढायचा तसा आवाज ओढला. "वरील ओळींत ज्ञानाचा लवलेश नाहीऽऽ. मेलेल्या माणसाला काहीही ऐकू येत नाहीऽऽ." बानं तिचा अंगठा धरून ठेवला होता, लहानपणी घोड्यावर बसवताना ती त्याचा धरायची तसा. थांबावं म्हटलं तर थांबता येईना. थांबलं तर बा विचारणार, झालं का? आणि काय सांगायचं? "ऐकणारा कोणी नाहीऽऽ. परलोक नाहीऽऽ."

"मोल्दो एवढं लांब म्हणत नव्हता," बा पुटपुटला.

"तो गाळायचा. हे अख्खं हाय."

दारात बूबूकान उभी होती. कधी आली, कळलं नाही. तिला रशियन येत होतं. ऐकता ऐकता तिनं डोक्याच्या रुमालाचं टोक दातात धरलं.

पान संपलं. बानं दोन्ही हात कसेबसे उचलले, तोंडावरून फिरवले. "ओमिन," म्हणाला. झूराच्या तोंडून तो शब्द निघेना. बूबूकाननं म्हटला.

बानं पुन्हा झूराचा अंगठा धरला, दिवस कलला तरी सोडला नाही. गोठ्याकडून गाई हंबरायला लागल्या. संध्याकाळची धार चुकली तर कासा दगड होतात, आणि बदली बाई कुठली?

"तू जा," बूबूकान म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ." मग हळूच, "चालंल का गं ते? त्याला पोचंल?"

"मला काय ठावं," झूरा म्हणाली. "तुझ्या पोराला पोचतंय का?"

बूबूकाननं म्हाताऱ्याच्या पायांवरची रजई नीट खोचली.

बाचा अंगठ्यावरचा हात झूरानं एकेक बोट करून सोडवला. बादली घेतली. हौदावर पुन्हा बर्फ धरलं होतं, ते फोडलं. पहिली गाय पान्हा चोरायला लागली, हात फार गार पडले होते. झूरा उकिडवी बसली, बोटांवर फुंकर घालून त्यांना ऊब आणली, आणि कास धुवायला लागली.