सुई न देणारे डॉक्टर

सारंगखेड्याच्या दवाखान्यातले डॉक्टर डोळे मिटून नाडी बघत आणि आधी कपाशीची चौकशी करत. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं. शिंक आली तरी लोक सुई मागत. माझी आईही मागे. "सर्दी शे माय, हाई सुईनं काम नही," एवढंच ते म्हणत. उगाच घेतलेली सुई पुढे खऱ्या दुखण्यात लागू पडत नाही, हे ते बाजाराच्या दिवशी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगत. लोक ऐकून घेत आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जात.

एकदा माझ्या धाकट्या बहिणीला ताप चढला, धाप लागली. डॉक्टरांनी तिची छाती बराच वेळ तपासली आणि कोणी न मागताच सुई उकळायला ठेवली. ते पाहताच आईने विचारलं,

"इतलं मोठं दुखनं शे का?"

"शे. पन बरी व्हई जाई."

त्या दिवशी ते जेवायला घरी गेलेच नाहीत, तिच्या उशाशी बसून राहिले.

बहीण बरी झाली. पुढे एखादी शेजारीण दवाखान्यातून कुरकुरत परतली की आईच तिला समजावी, "त्यास्नी सुई दिधी नही ना? मंग निवांत घर जाय."