महादेवकाकांच्या सलूनमधलं पिनबॉल

गेल्या रविवारी सकाळी दादा आमच्या रत्नागिरीच्या घरात लॅपटॉपसमोर बसला, थोडा वेळ खेळला आणि म्हणाला, "हे ते नाही."

दादाचा मुलगा निखिल पुण्याला एका कंपनीत व्हिडिओ गेम तयार करतो. जुनी पिनबॉल मशीन्स कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करायची, हे त्यांचं सध्याचं काम. कुठली मशीन्स घ्यावीत यावर ऑफिसात भांडणं होतात म्हणे... निखिलने त्यात आमच्या आळीतलं मशीन सुचवलं.

त्या मशीनचं नाव कुणाला आठवत नव्हतं. फोटोही नव्हता. म्हणून ऑफिसने अट घातली... त्यावर खेळलेल्या माणसाने ते ओळखलं पाहिजे. नाहीतर त्याच्या जागी दुसरं.

आमच्या घरासमोर महादेवकाकांचं सलून होतं. त्यांचा भाऊ बोटीवर होता, त्याने कुठल्याशा बंदरातून ते मशीन आणलेलं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून काकांनी ते दारातच ठेवलं. खाऱ्या वाऱ्याने ते सतत गंजायचं, आणि काका केस कापायच्या मशीनचं तेल त्यालाही घालायचे.

मुली सलूनमध्ये जात नसत. तसं कुणी बजावलं नव्हतं, बजावायची गरजच नव्हती. दादा खाली खेळायचा आणि मी समोर, वरच्या गॅलरीत, पुस्तक घेऊन बसायचे.

मशीनची पाठ रस्त्याकडे होती. पण आतल्या भिंतीवर, उंचावर, पुढे कललेला एक मोठा आरसा होता. खेळणाऱ्याच्या डोक्यावरून मशीनचं सगळं टेबल, गोळी धावायची ती काचेखालची फळी, त्यात दिसायचं.

निखिलने आधी दादाला विचारलं. दादा म्हणाला, गोळी यायची आणि आम्ही हाणायचो... बाकी काही सांगता येईना. मग त्याने मला फोन केला.

मला सगळं आठवत होतं. मधोमध हिरवा ऑक्टोपस, त्याच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दिवा. एका कोपऱ्यात बुडालेलं जहाज, त्याच्या खिडकीत गोळी अडकली की घंटा वाजायची. गोळी सुटायची डावीकडून.

"आत्या, गोळी उजवीकडून सुटते. सगळ्या मशीनमध्ये."

"याच्यात डावीकडून. मी पाहिलंय."

त्याने डावीकडून केलं.

आणि आता दादा म्हणत होता, हे ते नाही. "चित्रं तीच आहेत रे. पण हातांना ओळख पटत नाही." मग माझ्याकडे वळून, "तू कधी खेळलीस गो? गॅलरीतून काय दिसणार, कपाळ?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "खेळली नाही म्हणूनच बघितलंन तिने. तुम्ही गोळीशिवाय काय बघितलंत?"

मी हसले. पण लागलं... त्या वयात माझ्या वाट्याला त्या मशीनमधलं जेवढं आलं होतं, तेवढंही खोटं ठरत होतं.

"राहू दे बाबा," निखिल म्हणाला. "दुसरं घेतील ते." त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. माझी नजर स्क्रीनवरच्या स्कोअरवर गेली. आकडे सरळ होते.

मला ते आकडे कधीच सरळ दिसले नव्हते. आरशात ते उलटे यायचे आणि मी मनात सरळ करून वाचायचे. दादा जिंकतोय का, ते कळायला हवं ना... बाकीचं सरळ करायचं राहूनच गेलं. इतकी वर्षं.

"थांब," मी म्हटलं. "सगळं उलटं कर. आकडे सोडून. मी आरशात बघत होते."

निखिलने लॅपटॉप परत स्वतःकडे ओढला. कामाला लागला.

गोळी उजवीकडून सुटली. दादाचे खांदे पुढे आले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात गेली. त्याने गोळी जहाजाकडे मारली, आणि ती खिडकीशी घुटमळली तेव्हा तळव्याने, मशीनला द्यायचा तसा, टेबलाला एक धक्का दिला... आमच्या जेवणाच्या टेबलाला. चहा सांडला.

"झालं," वहिनी फडकं घेऊन आली. "आलं म्हणायचं मशीन घरात."

दादा हसला नाही. बराच वेळ खेळला. मग म्हणाला, "पावडरचा वास तेवढा हवा होता."

तिथे पावडरचा वास यायचा, हे मला माहीत नव्हतं. गॅलरीपर्यंत वास पोचत नसे.

मग तो उठला. खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बस गो बाय. आता तू."

मी बसले. पण मला जमेना. जहाज जिथे असायला हवं तिथे मोकळी जागा, आणि गोळी मी बघायच्या आत खाली. निखिलने माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि टेबल पुन्हा उलटं केलं. माझ्यासाठी. गोळी डावीकडून सुटली... आणि मला ती कुठे जाणार ते कळू लागलं.

दादा मागे उभा राहून बघत होता. त्या मशीनवर दुसरं कुणी खेळताना तो पहिल्यांदाच स्वस्थ उभा असेल.

"अगो," तो हळूच म्हणाला, "त्या ऑक्टोपसच्या सगळ्या पायांना दिवे होते?"

"होते, दादा."

निखिल गेममध्ये दोन्ही टेबलं ठेवणार आहे. एक सलूनमधलं, एक गॅलरीतलं.

महादेवकाकांनी तो आरसा पुढे कलता का टांगला होता, कोण जाणे. गिऱ्हाइकाला मागून कापलेले केस दिसावेत म्हणून असेल. काका आता नाहीत. त्यांच्या दारात मी कधी पाऊल टाकलं नाही... पण तिथे मीही होते, ते त्या आरशामुळे.